हातांतला कॅमेरा

छायाचित्रणाचा छंद असलेलीं चार माणसें एकत्र जमलीं म्हणजे तीं छायाचित्रांविषयीं बोलत असतील, अशी बाहेरच्या माणसाची समजूत असते. ती बहुधा चुकीची ठरते. तीं कॅमेऱ्यांविषयीं बोलत असतात. कोणाचा कॅमेरा किती वर्षांचा झाला, कोणत्या कंपनीनें यंदा कोणतें नवें यंत्र बाजारांत आणलें, जुन्याचे किती पैसे येतील आणि नव्यासाठीं किती घालावे लागतील, एवढ्याच गोष्टींत चहाचे दोन दोन पेले रिकामे होतात. गवई मंडळीहि तंबोऱ्याच्या भोपळ्याविषयीं बोलतात. पण चांगला तंबोरा आजोबांकडून नातवाकडे जातो. कॅमेऱ्याच्या नशिबीं तें नाहीं. तो तीन-चार वर्षांत जुना होतो. निदान तो जुना झाला असें त्याच्या मालकाला मोठ्या आवाजांत सांगण्यांत येतें.

या गप्पांत एक वाद हटकून निघतो. तिपाईवांचून, नुसत्या हातांत कॅमेरा धरून, मंद उजेडांत स्वच्छ चित्र घ्यावयाचें तर नवा कॅमेरा घेणें अवश्य आहे, कीं जुन्यावरच हात बसविणें पुरे आहे? पुण्यांतील एका मामा-भाच्यांमध्यें हा वाद दोन वर्षें चालला होता. त्याचा जो निकाल लागला तो दोघांपैकीं कोणालाहि अपेक्षित नव्हता, म्हणूनच तो श्रोत्यांना सांगण्यासारखा आहे.

मामा सरकारी कचेरींत नकाशे काढण्याचें काम करून निवृत्त झालेले, वय बहात्तर. भाचा पस्तिशींतला, एका विमा कंपनींत नोकरीस. मामांच्या छंदाला प्रारंभ झाला तो दोन भिंगांच्या याशिका कॅमेऱ्यावर. तो कॅमेरा गळ्यांत अडकवावयाचा, पोटाशीं धरावयाचा, वरून वांकून आंत पाहावयाचें आणि मानेचा पट्टा ताणून तो स्थिर करावयाचा. फिल्म कधीं उदकमंडलच्या कारखान्याची ‘इंदू’, तर कधीं पूर्व जर्मनीची ‘ओर्वो’. एका गुंडाळींत बारा चित्रें. बाराव्यानंतर खिसा चाचपावा लागे. अशा शाळेंत शिकलेल्या माणसाचा हात सहजच सावध होतो. शिवाय चाळीस वर्षें शाईच्या रेघा ओढण्यांत गेलेलीं. आपली रेघ कचेरींत ओळखली जाई, हें मामा अधूनमधून सांगत, आणि तें खरें होतें. त्यांच्यापाशीं आतां बारा वर्षांपूर्वीं घेतलेला एक डिजिटल कॅमेरा आणि त्याचीं दोन भिंगें होतीं. भाच्याचा कॅमेरा त्याच कंपनीचा, सहा वर्षांपूर्वींचा.

भाच्याला नवा कॅमेरा हवा होता. मोठ्या सेन्सरचा, म्हणजे ज्यांतील प्रकाश टिपणारा चौकोन जुन्या फिल्मवरील चित्राएवढा, ३६ बाय २४ मिलिमीटरचा असतो, तसला. नुसत्या यंत्राचीच किंमत दीड लाखाच्या पुढें. त्याच्याजवळचीं भिंगें लहान सेन्सरसाठीं बनविलेलीं, तेव्हां भिंगेंहि नवीं घेणें आलें. घराच्या कर्जाचे हप्ते चालू होते आणि मुलीचें नांव नुकतेंच शाळेंत घातलें होतें. तरी दर महिन्याला कांहीं रक्कम बाजूला पडत होती. ती कशासाठीं पडते हें त्याच्या पत्नीला ठाऊक होतें, आणि तिनें त्याविषयीं बोलणें सोडून दिलें होतें, हें अधिक वाईट.

“मामा, माझीं निम्मीं चित्रें हलतात. उजेड कमी झाला कीं या कॅमेऱ्याचें कांहीं चालत नाहीं,” असें तो म्हणे.

“अरे, कॅमेरा कशाला हलेल? तूं हलतोस,” हें मामांचें ठरलेलें उत्तर.

नव्या कॅमेऱ्यांत हाताचा कंप सांवरून घेण्याची योजना असते. मामांना तिचा तिटकारा होता. तिला ते ‘कुबडी’ म्हणत. ज्याला दोन पायांवर उभें राहतां येतें त्यानें ती कशाला घ्यावी, असा त्यांचा सवाल. मंडळांतील तरुण माणसें यावर गप्प बसत, कारण मामांचीं चित्रें खरोखरच स्वच्छ असत.

मामांच्या या अभिमानाला इतिहासाचा मात्र फारसा आधार नव्हता, हें येथेंच सांगून टाकलेलें बरें. हातांत मावणारा कॅमेरा हीच मुळांत एक कुबडी होती. जर्मनींतील वेट्झलार गांवीं लाइट्झ कंपनीच्या सूक्ष्मदर्शक यंत्रांच्या कारखान्यांत ऑस्कर बार्नाक नांवाचा एक कारागीर होता. त्याला रानावनांत हिंडून चित्रें घेण्याची हौस. पण छाती अशक्त, दम्याचा विकार. त्या काळचा काचेच्या तबकड्यांचा जड कॅमेरा आणि तिपाई घेऊन डोंगर चढणें त्याला झेपेना. म्हणून त्यानें सिनेमाच्या फिल्मवर चालणारा एक छोटा कॅमेरा स्वतःपुरता तयार केला. पहिलें महायुद्ध मध्यें आलें. पुढें १९२५ सालीं लाइपझिगच्या जत्रेंत तो ‘लायका’ या नांवानें लोकांपुढें आला, आणि जगांतील छायाचित्रकारांनीं तिपाई घरीं ठेवून रस्त्यावर येण्यास सुरुवात केली. एका दमेकऱ्याची सोय ती सर्वांची रीत झाली. मामांना ही हकीकत चांगली ठाऊक होती. मंडळांत ती त्यांनींच एकदां सांगितली होती. ती आपल्यालाहि लागू पडेल असें मात्र त्यांच्या मनांत आलें नव्हतें.

गेल्या हिवाळ्यांत दोघे अजिंठ्यास गेले. मामांचें तेथें जाणें जुनें. लेणें क्रमांक २६ मध्यें डाव्या बाजूच्या भिंतीशीं बुद्धाच्या महापरिनिर्वाणाची मूर्ति आहे. उजव्या कुशीवर निजलेली, सुमारें सात मीटर लांब. खालीं शोक करणारे शिष्य. त्या मूर्तीच्या मुखाचें चित्र मामांनीं प्रथम १९७९ सालीं घेतलें, आणि त्यानंतर आठ-दहा वर्षांनीं एकेक असें करीत पांच चित्रें एका वहींत लावलेलीं होतीं. मूर्ति तीच, जागा तीच, कॅमेरे निरनिराळे. या खेपेला सहावें चित्र घ्यावयाचें होतें.

अजिंठ्यांत चित्र घेणें ही हाताची परीक्षाच आहे. लेणीं सोमवारीं बंद असतात. इतर दिवशीं फर्दापूरच्या फाट्यावर आपलें वाहन सोडून तेथल्या बसनें वर जावें लागतें. आंत भित्तिचित्रांच्या रक्षणासाठीं फ्लॅश उडविण्यास बंदी आहे. तिपाई लावावयाची तर पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते, आणि ती हौशी माणूस सहसा काढीत नाहीं. भिंतीला किंवा खांबाला टेकून हात स्थिर करावा म्हटलें, तर तेथें कशालाहि टेकूं नये हेंच बरें. दीड हजार वर्षांच्या रंगाला घामाचा खांदा लागणें चांगलें नाहीं. उजेड म्हणाल तर दारांतून आणि वरच्या कमानीच्या गवाक्षांतून येईल तेवढा, आणि कांहीं लेण्यांत सौम्य दिवे.

याच अंधाराशीं एका माणसानें आयुष्याचीं बरींच वर्षें झुंज घेतली होती. मेजर रॉबर्ट गिल याला १८४४ सालीं भित्तिचित्रांच्या नकला रंगवून घेण्याच्या कामावर अजिंठ्यास पाठविण्यांत आलें. त्यानें मोठमोठ्या कापडांवर नकला केल्या, त्या विलायतेस गेल्या, आणि १८६६ सालीं लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगींत त्यांतल्या बहुतेक जळून गेल्या. पण गिलनें मध्यंतरीं कॅमेराहि हातांत घेतला होता. त्याचीं ७४ छायाचित्रें असलेलें, वेरूळ-अजिंठ्याच्या लेण्यांवरील एक पुस्तक जेम्स फर्ग्युसन यानें १८६४ सालीं प्रसिद्ध केलें. त्या काळीं प्रचलित असलेली रीत ओल्या काचेची. काचेवर रसायन ओतावयाचें, ती ओली आहे तोंच कॅमेऱ्यांत घालावयाची, आणि वाळण्याच्या आंत तेथल्या तेथें धुवावयाची. ‘हातांत धरून’ हा शब्दप्रयोग त्या काळच्या कॅमेऱ्याला लागूच पडत नव्हता.

भाच्यानें पहिल्या लेण्यांत शिरतांच तक्रारीला सुरुवात केली. त्याच्या कॅमेऱ्यावर विकत घेतेवेळीं मिळालेलें साधें भिंग होतें. पन्नास मिलिमीटरवर त्याचें तोंड एफ ५.६ पेक्षां मोठें होत नाहीं. सेन्सरची संवेदनशीलता, म्हणजे आयएसओ, त्यानें १६०० वर ठेवली. कॅमेऱ्यानें उत्तर दिलें, अर्धा सेकंद. अर्ध्या सेकंदांत माणसाचें काळीजसुद्धां ठोका देऊं शकतें. चित्रांतील पद्मपाणि आणि त्याच्या हातांतील कमळ दोन्ही धुक्यांत गेलीं.

“पाहिलेंत मामा? मोठा सेन्सर असता तर…”

“थांब. मोठा सेन्सर असता तर किती फरक पडला असता? हिशेब कर.”

हिशेब असा. छंदी मंडळींत चालत आलेला ठोकताळा हा कीं, हातांत धरलेल्या कॅमेऱ्यांत भिंग जितक्या मिलिमीटरचें, निदान सेकंदाचा तितकावा भाग एवढ्या वेगानें शटर उघडून मिटलें पाहिजे. पन्नासच्या भिंगाला एक-पन्नासांश सेकंद. लहान सेन्सरवर तेंच भिंग पाऊणशेच्या भिंगासारखें वागतें, म्हणून तेथें एक-पंचाहत्तरांश. ठोकताळा जुना आहे, वहीच्या पानाएवढ्या छापील चित्रासाठीं बांधलेला. आज दोन-अडीच कोटी ठिपक्यांचें चित्र पडद्यावर फुगवून पाहिलें म्हणजे तो अपुरा पडतो. पण प्रारंभ करण्यास चांगला आहे. आतां अर्ध्या सेकंदावरून एक-पंचाहत्तरांशावर यावयाचें म्हणजे प्रकाश जवळजवळ चाळीसपट हवा. मोठ्या सेन्सरचें क्षेत्रफळ लहानाच्या सव्वादोनपट-अडीचपट. चित्रांत रवाळपणा तेवढाच ठेवून त्यापासून फायदा तितकाच, सव्वादोन-अडीचपट. दीड लाख खर्चून चाळिसांतले अडीच.

मामांनीं पिशवींतून आपलें दुसरें भिंग काढलें. पन्नास मिलिमीटरचें, एफ १.८ चें, प्लास्टिकचें, हातांत खेळण्यासारखें हलकें. नव्याचीहि किंमत दहा हजारांच्या आसपास. एफ ५.६ च्या मानानें त्याच्या तोंडांतून जवळजवळ दहापट प्रकाश आंत येतो. अर्ध्या सेकंदाचा झाला एक-विसांश. आयएसओ १६०० वरून ६४०० केलें, म्हणजे आणखी चौपट. एक-ऐंशींश! हिशेब पुरा झाला, आणि तो सध्यांच्याच कॅमेऱ्यावर.

“पण मामा, ६४०० ला रवा दिसेल.”

“दिसूं दे. रवाळ चित्र पाहतां येतें, आणि संगणकावर आतां तो रवा पुष्कळ घालवितांहि येतो. हललेलें सरळ करणारा अजून कोणी नीटसा भेटलेला नाहीं.”

मग मामांनीं धरणें शिकविलें. डावा तळहात भिंगाखालीं, वरून नव्हे, कोपरें बरगड्यांशीं, पाय किंचित फांकलेले, कॅमेऱ्याच्या मागचा पडदा हात लांब करून पाहावयाचा नाहीं, तर डोळा लावून कपाळाचा तिसरा आधार द्यावयाचा. श्वास अर्धा सोडावयाचा, आणि बटण दाबावयाचें नाहीं, तर पिळावयाचें, ओल्या फडक्यासारखें. एकाला लागून एक अशीं तीन चित्रें घ्यावयाचीं. पहिलें बटण दाबतांना बिघडतें, तिसरें सोडतांना, मधलें बहुधा साधतें. जागा असेल तेथें गुडघा टेकून कोपर दुसऱ्या गुडघ्यावर ठेवावें, मात्र कोपराचें हाड गुडघ्याच्या हाडावर नको, हाडावर हाड डुलतें. दंडाचा मागचा मांसल भाग ठेवावा. भाच्यानें मुकाट्यानें सर्व केलें. सतराव्या लेण्यापर्यंत पोंचेतों त्याचीं दर तिनांतलीं दोन चित्रें स्वच्छ येऊं लागलीं होतीं, आणि नव्या कॅमेऱ्याचें नांव त्यानें तासाभरांत काढलें नव्हतें.

सव्विसाव्या लेण्यांत भिंग मामांनीं परत घेतलें. भाच्याला सांगितलेला ६४०० चा आंकडा त्यांनीं स्वतःसाठीं घेतला नाहीं. रवा कमी यावा म्हणून त्यांनीं १६०० आणि ३२०० वर, एक-विसांश आणि एक-चाळिसांश सेकंदानें चित्रें घेतलीं. आपल्या हाताला तें साधतें असा त्यांचा पंचेचाळीस वर्षांचा अनुभव होता. शेवटचीं तीन-चार मात्र, कदाचित् सहज म्हणून, एक-ऐंशींश वर घेतलीं. कॅमेऱ्याच्या मागच्या छोट्या पडद्यावर सर्व ठीक दिसलें. त्या पडद्यावर सगळ्यांचेंच ठीक दिसतें.

दुसऱ्या दिवशीं रात्रीं पुण्यास मामांच्या घरीं चित्रें संगणकावर चढविलीं. भाच्याचीं प्रथम पाहून झालीं; मामांनीं दोनदां ‘वा’ म्हटलें. मग मामांचीं. पहिलें हललेलें. दुसरें हललेलें. बुद्धाच्या मिटलेल्या पापणीची कड, जी वहींतील पांचहि चित्रांत केसासारखी रेखीव होती, ती दुहेरी दिसत होती. भाच्यानें पुढचें काढलें, त्याच्या पुढचें काढलें. तेवीस चित्रें होतीं. एक-ऐंशींशचींहि हललेलीं होतीं.

भाचा कांहीं बोलेना. मामी चहा घेऊन आल्या. त्यांनीं मामांचा चहा कपबशींत न आणतां उभ्या पेल्यांत, अर्धाच भरून आणला होता. गेले पांच-सहा महिने त्या तसाच आणीत होत्या. भाच्याच्या तें त्या दिवशीं प्रथम लक्षांत आलें. आणि पेल्याकडे पाहणाऱ्या मामांच्या तोंडावरून असें दिसलें कीं त्यांच्याहि तें त्याच दिवशीं प्रथम लक्षांत आलें असावें.

“मामा, हललेलें चित्र म्हणजे फुकट गेलेलें असें नाहीं,” भाचा अखेर म्हणाला. “३० जानेवारी १९४८ ला रात्रीं बिर्ला भवनाच्या फाटकाशीं नेहरू गांधीजी गेल्याचें लोकांना सांगताहेत, तें कार्टिए-ब्रेसाँचें चित्र तुम्हीच मला दाखविलेंत ना? तेंहि अंधुक आहे, हललेलें आहे. जगभर गेलें.”

हें खरें आहे. आंरी कार्टिए-ब्रेसाँ त्याच दिवशीं गांधीजींना भेटून गेला होता, आणि खुनाची वार्ता ऐकून परत आला होता. हातांत तोच बार्नाकचा लायका. चित्रांतला अंधार आणि अस्पष्टपणा त्या रात्रीचाच वाटतो.

“तेथें माणसांवर आकाश कोसळलें होतें,” मामा म्हणाले. “येथें दगड स्वस्थ निजला आहे. तो हललेला दाखवून मी काय सांगूं?”

पुढचे आठ-दहा दिवस मामांनीं कॅमेऱ्याला हात लावला नाहीं. डॉक्टरांनीं तपासून सांगितलें कीं, वयपरत्वें कांहीं जणांना असा कंप सुटतो, तो दुसऱ्या आजाराचें चिन्ह दिसत नाहीं. काळजीचें कारण नाहीं. डॉक्टरांच्या दृष्टीनें नव्हतें. पण ज्या माणसाची रेघ कचेरींत ओळखली जात होती त्याला ‘काळजीचें कारण नाहीं’ हें वाक्य पुरेसें होत नाहीं. मंडळांतल्या रविवारच्या बैठकीला ते दोनदां गेले नाहींत.

येथें त्या कुबडीविषयीं थोडें सांगणें प्राप्त आहे. कॅमेऱ्यांत किंवा भिंगांत बारीक कंपमापक बसविलेले असतात. हात कोणत्या दिशेला किती डुलला हें ते क्षणोक्षणीं कळवितात, आणि त्याच्या उलट दिशेनें भिंगांतला एक कांचेचा तुकडा किंवा खुद्द सेन्सर चुंबकाच्या जोरावर सरकतो. जशी बोट डोलली तरी खलाशी आपल्या हातांतला पेला सरळ ठेवतो. अशी योजना असलेलें बदलतां येण्याजोगें पहिलें भिंग कॅनन कंपनीनें १९९५ सालीं काढलें. सेन्सरच सरकविण्याची युक्ति मिनोल्टानें २००३ सालीं एका कॅमेऱ्यांत आणली, आणि पांच प्रकारचे कंप सांवरणारी ऑलिंपसनें २०१२ सालीं. हिचा फायदा ‘स्टॉप’ नांवाच्या मापानें मोजतात. प्रत्येक स्टॉपला शटर दुप्पट वेळ उघडें ठेवतां येतें. चार स्टॉप म्हणजे सोळापट. एक-ऐंशींशच्या जागीं एक-पंचमांश सेकंद! मोठ्या सेन्सरच्या अडीचपटीपुढें हें किती अधिक आहे तें उघड आहे. मात्र ही योजना सांवरते ती कॅमेरा धरणाऱ्याला, पुढच्या माणसाला नव्हे. लग्नांतली नवरी, खेळणारें मूल, नाचणारा गोंधळी यांना ती थोपवूं शकत नाहीं. तेथें मोठ्या तोंडाचें भिंग आणि वेगवान शटर यांखेरीज गति नाहीं. जाहिरातींत ही दुसरी बाजू बारीक अक्षरांत असते. आणि कंप फार मोठा असेल तर योजनेचीहि मर्यादा येते. पण निजलेल्या दगडी बुद्धापुढें उभ्या असलेल्या, थोडा हात कांपणाऱ्या माणसाला याहून सोईचें दुसरें साधन नाहीं.

भाच्यानें हा हिशेब एका कागदावर मांडला, अगदीं मामांनीं अजिंठ्यांत मांडला होता तसा, आणि एका संध्याकाळीं त्यांच्यापुढें ठेवला. खालीं लिहिलें होतें, “रक्कम तयार आहे.”

मामा रागावले. “तुझ्या पोरीच्या तोंडचे पैसे मी घेऊं?”

“पोरीचे नव्हेत, माझ्या कॅमेऱ्याचे आहेत. तो मला नको असें तुम्हीच पटवून दिलेंत.”

“मग मलाहि नको. मी कुबडी म्हणत आलों इतकीं वर्षें. आतां लोक काय म्हणतील?”

या वेळीं मामी आंतून बाहेर आल्या. त्या छायाचित्रणाविषयीं कधीं बोलत नसत. “चष्मा लावलात तेव्हां लोकांनीं काय म्हटलें?” एवढेंच विचारून त्या परत आंत गेल्या.

भाच्याचे पैसे मामांनीं घेतले नाहींत. निवृत्तिवेतनांतून त्यांनीं एक वापरलेला कॅमेरा घेतला. लहान सेन्सरचा, आरशावांचूनचा, पण सेन्सर सांवरणारा. घेण्यापूर्वीं दुकानदाराकडून त्यांनीं बाहेरच्या रस्त्याचीं आणि आंतल्या कपाटाचीं मिळून चाळीसएक चित्रें काढून घेतलीं, सेन्सरवरचे डाग तपासले, बटणें शंभरदां दाबून पाहिलीं. दुकानदार कंटाळला. जुनें पन्नासचें भिंग मधल्या एका कड्यानें त्यावर बसतें. तें त्यांना विकावें लागलें नाहीं, याचें समाधान त्यांना कॅमेऱ्याहून अधिक झालेलें दिसलें. धरण्याची रीत मात्र त्यांनीं तीच ठेवली. तळहात भिंगाखालीं, कोपरें बरगड्यांशीं, श्वास अर्धा. यंत्र सांवरतें म्हणून हात सैल सोडणाऱ्यांचीं चित्रें यंत्र असूनहि हलतात, हें त्यांनीं पहिल्याच आठवड्यांत मंडळांतील एका तरुणाच्या चित्रांवर दाखवून दिलें, आणि त्या दिवशीं ते पुष्कळ खुशींत होते.

फेब्रुवारींत दोघे पुनः अजिंठ्यास जाऊन आले. सव्विसाव्या लेण्यांत मामांनीं गुडघा टेकला, भाच्यानें त्यांची पिशवी धरली. एक-विसांश सेकंदानें दहा चित्रें घेतलीं. पुण्यास येऊन पडद्यावर मोठीं करून पाहिलीं तेव्हां सहांत पापणीची कड एकेरी होती. दोन शंकास्पद, दोन हललेलीं. पूर्वीं दहांतलीं नऊ येत, असें मामा म्हणाले. भाच्यानें ‘सहा पुष्कळ झालीं’ असें म्हणावयास तोंड उघडलें होतें, पण मामा तोंवर त्या सहांतलें वहींत लावावयाचें कोणतें हें निवडूं लागले होते, आणि त्यांना तिसरें व सातवें यांत निर्णय होईना.

भाच्यानें एफ १.८ चें भिंग स्वतःसाठीं घेतलें आहे. दीड लाखाचा कॅमेरा त्यानें अद्याप घेतलेला नाहीं. दिवाळीपर्यंत थांबून पाहूं, असें तो म्हणतो. त्याच्या पत्नीचा आणि मंडळांतील लोकांचा यावर विश्वास नाहीं.